चौदा दिवसांचे गाठोडे

आमच्या घरात बॅग भरण्याचे खाते लग्नापासून माझ्याकडे आहे. ह्यांचे फिरतीच्या नोकरीतले दौरे, मुलांच्या सहली, नणंदेची काशीयात्रा, सुनेचे बाळंतपण, सगळ्यांच्या बॅगा मीच भरल्या. "तुझ्या बॅगेत हात घातला की पाहिजे ती वस्तू आपण होऊन हाताला लागते," असे हे चारचौघांत सांगतात, आणि असे कौतुक वारंवार वाट्याला येत नसल्यामुळे मी ते जपून ठेवले आहे. परंतु गेल्या वर्षी भाद्रपदात स्वतःसाठी बॅग भरण्याची पाळी आली, आणि ती मी अशी काही भरली, की ह्यांना त्याच दिवशी पनवेलहून मुलुंडला परत यावे लागले. त्या बॅगेची ही हकीकत.

मला पित्ताचा त्रास. पोटातले पित्त नव्हे, अंगावर उठणारे. संध्याकाळी भाजी निवडता निवडता हातावर गांधी यायच्या आणि रात्रीपर्यंत पाठ, मान, पोट लालेलाल! डॉक्टरांच्या गोळीने ते बसे, आणि गोळी संपली की पुन्हा उठे. वर्षभर असे चालल्यावर शेजारच्या वहिनींनी पनवेलजवळच्या एका आयुर्वेदिक निवासी केंद्राचे नाव काढले. शरद ऋतूत पित्त वाढते, म्हणून विरेचन, म्हणजे औषधाने पोट साफ करण्याचा पंचकर्मातला उपचार, त्याच ऋतूत देतात. चौदा दिवस राहायचे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, "जा खुशाल. पण माझ्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका." मी मान हलवली. मान हलवणे आणि ऐकणे ह्यांत फरक असतो, हे वाचक भगिनींना मी सांगायला नको.

केंद्राकडून अर्ध्या पानाची यादी आली. जुने सुती गाऊन, पुढून बटणांचे, सहा. जुने परकर चार. जुने टॉवेल तीन, शक्यतो गडद रंगाचे. जुनी उशीची खोळ. सुती मोजे, कानाला बांधायला रुमाल, न घसरणाऱ्या रबरी चपला, गरम पाण्याचा थर्मास. दागिने, अत्तर, पावडर आणि घरचा खाऊ आणू नये. शेवटच्या ओळीत होते : चालू असलेली सर्व औषधे व त्यांच्या चिठ्ठ्या.

सबंध यादीत चार वेळा 'जुने' हा शब्द होता, आणि मला तोच खटकला. परक्या ठिकाणी, चार बायकांत चौदा दिवस राहायचे, ते का बोहारणीला द्यायच्या कपड्यांत? मी दादरला जाऊन चार कोरे, फिकट गुलाबी गाऊन आणले. टॉवेल नवे, पांढरे शुभ्र. थोरल्या ताईने चिवड्याचा डबा पाठवला. "त्या लोकांचं पथ्य काय, नुसतं पाणी पाजतात म्हणे," अशी चिठ्ठीही सोबत होती. मंगळसूत्र आणि दोन बांगड्या तर दागिन्यांत धरायच्याच नसतात! राहता राहिल्या गोळ्या. रक्तदाबाची एक, थायरॉइडची एक. मी मनाशी म्हटले, आपण शरीराची शुद्धी करायला निघालो आहोत. तिथे ही रसायने कशाला? गोळ्या कपाटाच्या खणातच राहिल्या, आणि ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही.

त्याच आठवड्यात माझ्या भाचीचा कॅलिफोर्नियाहून फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. बहीण दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून माझ्याशी जरा जास्त बोलते. "मावशी, कमाल आहे! मीही वनस्पतींच्या औषधालाच चाललेय," ती म्हणाली. तिचे ठिकाण होते दक्षिण अमेरिकेत, पेरू देशातल्या ॲमेझॉनच्या जंगलात. तिथले शिपिबो आणि इतर आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या एका वेलीचा आणि एका झुडपाच्या पानांचा काढा करतात. त्याला 'आयावास्का' म्हणतात. रात्री अंधारात वैदू गाणी म्हणतो, काढा पितात, ओकारी होते आणि मग दृष्टांत होतात, असा सारा विधी. पेरूच्या सरकारने २००८ साली त्या परंपरागत विद्येला राष्ट्रीय वारसा म्हणून मानही दिला आहे. आता जगभरची शिकलीसवरली मंडळी मनाचे दुःख घेऊन तिकडे जातात.

तिलाही यादी आली होती. सैल पांढरे सुती कपडे, गुडघ्यापर्यंतचे पावसाळी बूट, रेनकोट, डासांचे मलम, लाल दिव्याची बॅटरी, बदलायला एक जादा जोड. "आणि ओकारीसाठी बादली तेच देतात," ती हसत म्हणाली. आम्ही दोघींनी याद्या ताडून पाहिल्या आणि पोट धरून हसलो. तिकडेही अत्तर नको, दागिने नकोत, खाऊ नको! पृथ्वीच्या दोन टोकांना वैद्यांच्या खोडी सारख्याच, असे मला वाटले. शेवटच्या ओळीपर्यंत मात्र आम्ही दोघीही गेलो नाही.

ठरल्या दिवशी आम्ही ठाण्याहून पनवेलची गाडी पकडली. पनवेल आता पूर्वीचे राहिले नाही. १८५२ साली नगरपालिका झालेले हे जुने गाव २०१६ साली महानगरपालिका झाले. आमच्या लहानपणी पनवेल म्हणजे कोकणच्या एस्टीचा थांबा, आणि दुसरे म्हणजे औषधे. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली इथे आयुर्वेदिक औषधांचा 'धूतपापेश्वर' कारखाना काढला. राजापूरजवळच्या धोपेश्वरच्या शंकराचे ते नाव. माझ्या आजोबांच्या फडताळात आसव-अरिष्टांच्या बाटल्यांवर 'पनवेल' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला होता. त्यामुळे औषधाला पनवेलला जाणे मला माहेरी जाण्यासारखेच वाटले. गाव मागे पडले, रिक्षा वळली, दूर प्रबळगड दिसू लागला, आणि भाताच्या खाचरांपलीकडे ते केंद्र आले.

तिथल्या वैद्यबाई पस्तिशीच्या असतील. माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली, रक्तदाब मोजला आणि म्हणाल्या, "काकू, बॅग उघडता का जरा?" मला वाटले, खाऊची झडती आहे! चिवड्याचा डबा निघाला, तो त्यांनी हसून ह्यांच्या हाती दिला. गुलाबी गाऊन चाचपून पाहिले. मग म्हणाल्या, "गोळ्यांची पिशवी कुठंय?"

"मी म्हटलं, इथं शुद्धीच करायची, तर..."

वैद्यबाई हसायच्या थांबल्या. "काकू, थायरॉइडची गोळी शरीर जे पुरेसं बनवत नाही, ते भरून काढते. ती माझ्या कुठल्याही काढ्यानं भरून निघणार नाही. आणि रक्तदाबाची गोळी नेमकी कुठली, ते मला कळल्याशिवाय मी तुम्हाला एक चमचा तूपसुद्धा देणार नाही. विरेचनाच्या दिवशी तुम्हाला दहा-वीस जुलाब होतील. तुमच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, तर त्या दिवशी अंगातलं पाणी आणि क्षार दोन्हीकडून जातील. चक्कर येऊन पडलात, तर दोष कुणाचा?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिले. सदतीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे असे पाहिल्याचे मला आठवत नाही. एक शब्द न बोलता ते उठले, रिक्षेने स्टेशनवर गेले, मुलुंडला पोहोचले आणि रात्री साडेआठला गोळ्या, चिठ्ठ्या आणि माझे सहा जुने गाऊन घेऊन परत आले. गोळीत खरोखरच ते लघवीचे औषध होते. वैद्यबाईंनी आमच्या डॉक्टरांना फोन केला, आणि विरेचनाच्या दिवशी गोळीचे काय करायचे ते दोघांनी मिळून ठरवले. आयुर्वेद आणि ॲलोपॅथी ह्यांचे भांडण आपण बाहेरची माणसे जेवढे लावतो, तेवढे त्या फोनवर मला तरी ऐकू आले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक गंमत सांगितली. वमन-विरेचनाची यादी चरकसंहितेतही आहे, सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात. त्या यादीपुढे आपली अर्धे पान काहीच नव्हे. आधी घरच बांधायचे : भक्कम, वाऱ्याचा झोत न येणारे तरी हवेशीर, धूर-धूळ-ऊन न लागणारे. मग स्वयंपाकी, न्हाऊ घालणारे, अंग चोळणारे सेवक. गाणारे आणि गोष्टी सांगणारेसुद्धा! दुभती, वासरू असलेली गाय. अंथरूण, पांघरूण, उशा, भांडी, तराजू, मापे. रोग्याने डोक्यावरून न्हाऊन, उटी लावून, गळ्यात माळ घालून, न फाटलेले वस्त्र नेसून औषध घ्यावे, असेही आहे. "म्हणजे चरक माझ्याच बाजूचे," मी म्हटले, "नवे कपडे सांगतात ते." त्या म्हणाल्या, "न्हाऊ घालायला चाकर सांगतात, तेही वाचा."

पण त्या यादीचे कारण मला फार पटले. औषध अंगात गेल्यावर जर काही बिघडले, तर त्या वेळी बाजारात धावून सामान आणणे जमत नाही, म्हणून आधीच सर्व जमवून ठेवावे. एवढे वैभव सर्वांना कुठून असणार, ते राजे-श्रीमंतांचे काम; गरिबाने वेळ आली तर जे जमेल त्यावर औषध घ्यावे, असेही ग्रंथकार पुढे सांगतो. बॅग भरणाऱ्या बाईचे मन ओळखणारा माणूस होता म्हणायचा.

आता 'जुने' ह्या शब्दाचा अर्थ. पहिले पाच दिवस पहाटे औषधी तूप प्यायचे, पहिल्या दिवशी तीस मिलिलिटर आणि मग रोज वाढते. वर गरम पाण्याचे घोट. कडकडून भूक लागेपर्यंत दुसरे काही नाही. दिवसा झोपायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, वाऱ्यात बसायचे नाही. थर्मास कशाला, कानाला रुमाल कशाला, ते तेव्हा कळले. चौथ्या दिवशी माझ्या घामालासुद्धा तुपाचा वास येऊ लागला. गुलाबी गाऊन त्याच दिवशी कायमचा कामातून गेला.

पुढचे तीन दिवस तेल. दोघी बाया दोन बाजूंनी कोमट तेल जिरवीत, मग वाफेच्या पेटीत बसवीत. डोके तेवढे बाहेर. तेलाने माखलेली बाई ओल्या फरशीवरून चालू लागली, म्हणजे न घसरणारी चप्पल ही चैन नसून हाडांचा विमा आहे, हे ध्यानी येते. पुढून बटणे कशाला? तेलकट केसांवरून गाऊन काढावा-घालावा लागू नये म्हणून. बांगड्या मी दुसऱ्याच दिवशी उतरवल्या. मंगळसूत्राला मात्र मन धजेना. मालिश करणाऱ्या बाईंनीच उपाय सांगितला : काळ्या मण्यांची साधी दोऱ्यातली पोत गळ्यात ठेवायची, सोने घरी. खेड्यातून आलेल्या दोघी-तिघींच्या गळ्यात तशीच पोत होती. शहरात राहून मला एवढे सुचले नव्हते.

कपडे धुण्याचीही एक गोष्ट सांगून ठेवते. तेलाचे टॉवेल नुसत्या साबणाने निघत नाहीत. कडकडीत पाणी आणि धुण्याचा सोडा लागतो, आणि तरी वास राहतोच. ते टॉवेल ढिगाने कोंबून ठेवू नयेत, आणि गरम हवेने कपडे वाळवणाऱ्या यंत्रात तर मुळीच घालू नयेत. तेलाची हवेशी क्रिया होऊन ते आतल्या आत तापतात, आणि अशा ढिगाने आपोआप पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. सुटे करून दोरीवर वाळत घालावेत, हे उत्तम.

नवव्या दिवशी विरेचन झाले. निशोत्तराचा अवलेह दिला, ऊन पाणी दिले, आणि पुढच्या गोष्टीचे वर्णन दिवाळी अंकात करू नये. शास्त्रात वेग मोजतात. तीस झाले तर उत्तम शुद्धी, वीस मध्यम, दहा कमी. माझे सतरा झाले. दर तासाला रक्तदाब पाहत होते. बाराव्या वेगाला माझा रक्तदाब बराच उतरला. वैद्यबाईंनी झोपवून साखरमिठाचे पाणी चमचा चमचा पाजले. मी डोळे मिटून पडले होते, आणि मनात एकच येत होते : त्या दिवशी त्यांनी बॅग उघडायला लावली नसती, तर मी ती गोळी चालू आहे हेच सांगितले नसते, आणि घरी परतल्यावर कुणालाही न विचारता कायमची सोडली असती.

आणि मग एकदम भाचीची आठवण झाली.

तिच्या आईच्या मागे ती फार खचली होती. तिथल्या डॉक्टरांनी मनाच्या उदासीनतेवर गोळ्या दिल्या होत्या. हे मला आणि तिच्या नवऱ्याला ठाऊक. बाकी घरात नाही. आपल्याकडे अशा गोळ्या बॅगेच्या तळाशी, मोज्यांच्या घडीत ठेवतात. मी रात्री वैद्यबाईंना विचारले. त्या दुसऱ्या दिवशी वाचून आल्या आणि मला समजावून सांगितले. त्या काढ्यातल्या पानांत जे द्रव्य असते, ते एरवी पोटातच नाश पावते. वेलीतले द्रव्य तो नाश थांबवते, म्हणून काढा चढतो. पण तीच वेल, उदासीनतेच्या पुष्कळशा गोळ्यांबरोबर पोटात गेली, तर अंगात सिरोटोनिन नावाचे द्रव्य बेसुमार वाढू शकते. ताप, थरथर, झटके, आणि प्रसंगी जीवावर बेतते. बरे, गोळ्या एकदम सोडाव्यात, तर चक्कर, बेचैनी, आणि मूळचे दुखणे दुप्पट होऊन परत! त्या सोडायच्याच असतील, तर डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू. आणि त्या पानांतले ते द्रव्य आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने बंद आहे, हेही त्यांनी सांगितले.

मी फोन लावला. तिच्याकडे सकाळ होती.

"तुझ्या यादीची शेवटची ओळ वाच."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "वाचलीय. लिहिलंय की ह्या गोळ्या नकोत. मी गेल्या रविवारपासून बंद केल्यात."

"डॉक्टरला विचारलंस?"

"मावशी, डॉक्टर नाहीच म्हणणार ना."

माझ्याकडे रागवायला तोंड नव्हते. मी तिला माझ्या बॅगेची सारी गोष्ट सांगितली. खणातल्या गोळ्या, ह्यांचे मुलुंडला जाणे, बारावा वेग. "मी बासष्ट वर्षांची म्हातारी असं करते, तर तू केलंस ह्यात नवल नाही," मी म्हटले. "पण माझी बॅग उघडायला इथं कुणीतरी होतं. तुझी कोण उघडणार?"

तिने फोन ठेवला. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा निरोप आला, की ती डॉक्टरांकडे जाऊन आली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि पेरूचे जाणे रद्द झाले. ती माझ्यावर बराच काळ रुसून होती. "तुला आईसारखं बोलायचा काय अधिकार?" असेही एकदा म्हणाली. मी उत्तर दिले नाही. अधिकार नव्हताच. भीती होती, एवढेच.

मला गुण आला का, असे सगळे विचारतात. विरेचनानंतर पाच दिवस भाताची पेज, मग आटवल, मग मुगाचे कढण, अशा पायऱ्या चढत मी जेवणावर आले. पुढे सहा-सात महिने अंगावर पित्त उठले नाही. जूनमध्ये दोनदा उठले, पण हलके. हा गुण विरेचनाचा, पथ्याचा, की चौदा दिवस कुणाचीही बॅग न भरता मिळालेल्या विसाव्याचा, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वनस्पतींची म्हणून सगळी औषधे निर्धोक, असे मात्र आता मला वाटत नाही. २००४ साली अमेरिकेत बॉस्टन शहराच्या परिसरातल्या दुकानांतली सत्तर आयुर्वेदिक औषधे तपासली, त्यांतल्या चौदांत शिसे, पारा किंवा सोमल सापडला होता. तेव्हा वैद्य शिकलेला हवा, नोंदणी झालेला हवा, आणि औषधाचे नाव लिहून देणारा हवा.

ज्या भगिनी ह्या वाटेने जाणार असतील, त्यांनी माझी यादी उतरून घ्यावी. बॅगेत सर्वांत वर गोळ्यांची पिशवी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. त्याखाली जुने गाऊन, गडद टॉवेल, चपला, रुमाल, थर्मास. काळी पोत गळ्यात, सोने कपाटात. चिवडा ताईकडेच राहू द्यावा.

परवा नरकचतुर्दशीच्या तयारीला मी उटणे आणि तेल काढून ठेवत होते. अभ्यंगाला नेसायला जुने पातळ शोधले. आपल्या आज्या-पणज्यांनी पहाटेच्या तेलाला जुने आणि न्हाल्यावर नवे, असा नेम घालून दिला होता. तो मला बासष्टाव्या वर्षी पनवेलला जाऊन कळला. तेवढ्यात फोन वाजला. भाचीच होती. डिसेंबरात इकडे येते म्हणाली, दोन आठवडे राहायला.

"मावशी, बॅगेत काय काय भरू?"

"काही नको," मी म्हटले. "गोळ्या तेवढ्या वर ठेव."